स्नोमोबाइलचा क्लच: उतरवणे, बसवणे आणि ट्यून करणे

तुम्ही स्नोमोबाइलवर आहात, म्हणजे बर्फावर रबरी पट्ट्याने (ट्रॅकने) धावणाऱ्या यंत्रावर. थ्रॉटल पूर्ण दाबला आहे, समोर सपाट आणि घट्ट बर्फ आहे, पण टॅकोमीटरचा काटा ७५०० च्या आसपास अडकून बसला आहे. इंजिनाची पूर्ण ताकद मात्र ८००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ८००० फेऱ्यांना मिळते. अशा वेळी नवखा माणूस पहिला संशय इंजिनावर घेतो. तो प्लग बदलतो, इंधन बदलतो, नव्या एक्झॉस्टवर खर्च करतो. दोष पुष्कळदा डाव्या बाजूच्या कव्हराखाली असतो, दोन क्लच आणि त्यांच्यामधल्या रबरी बेल्टमध्ये.

हे काम घरच्या घरी शिकता येते. त्याचा क्रम मात्र मोडू नका: आधी सफाई, मग तपासणी, मग बसवणी आणि सगळ्यात शेवटी ट्यूनिंग. मळलेल्या, झिजलेल्या क्लचवर स्प्रिंगा आणि वजने बदलत बसणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही, कारण आज जुळवलेले उद्या बिघडते.

आत नेमके काय घडते

गिअर नसलेल्या स्कूटरमध्ये जी रचना असते, तीच इथे कितीतरी जास्त ताकदीसाठी बांधलेली असते. प्रायमरी क्लच क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याच्या निमुळत्या टोकावर बसतो, सेकंडरी क्लच जॅकशाफ्टवर, म्हणजे ट्रॅककडे ताकद नेणाऱ्या दांड्यावर. दोघांतही उतरत्या तोंडाच्या दोन चकत्या समोरासमोर असतात, एक स्थिर आणि एक सरकती. चकत्या जवळ आल्या की बेल्ट परिघाकडे चढतो, दूर गेल्या की मध्याकडे उतरतो. निघताना बेल्ट प्रायमरीत आत आणि सेकंडरीत बाहेर असतो, तेव्हा इंजिनाच्या साधारण साडेतीन-चार फेऱ्यांमागे जॅकशाफ्टचा एक फेरा होतो. पूर्ण वेगात हे चित्र उलटते आणि जॅकशाफ्ट इंजिनापेक्षाही जलद फिरतो.

प्रायमरीत दोन बळांची झुंज चालू असते. फ्लायवेट नावाची छोटी वजने फिरता फिरता बाहेर फेकली जातात आणि सरकत्या चकतीला आत ढकलतात. आतली प्रेशर स्प्रिंग तिला बाहेर ढकलत असते. फ्लायवेटचे बळ आरपीएमच्या वर्गाने वाढते, म्हणजे फेरे दुप्पट झाले तर बळ चौपट होते. म्हणूनच एखाद्या ग्रॅमचा फरक ८००० आरपीएमला चांगलाच जाणवतो.

सेकंडरीचे काम अधिक देखणे आहे. तिच्यात हेलिक्स नावाचा तिरका उतार असतो आणि त्यावरून रोलर किंवा प्लास्टिकची बटणे सरकतात. ट्रॅकवर भार वाढला की बेल्टचा पीळच सरकत्या चकतीला हेलिक्सवर चढवतो, बेल्ट घट्ट आवळला जातो आणि यंत्रणा आपोआप खालच्या गुणोत्तराकडे, म्हणजे निघतानाच्या स्थितीकडे परतते. याला बॅकशिफ्ट म्हणतात. वेग वाढताना वरच्या गुणोत्तराकडे जाणे म्हणजे अपशिफ्ट. प्रायमरीला इंजिनाचे फेरे कळतात, सेकंडरीला ट्रॅकवरचा भार कळतो. ट्यूनिंग म्हणजे या दोघींचा असा तोल साधणे की थ्रॉटल पूर्ण दाबल्यावर, अगदी सुरुवातीपासून टोकाच्या वेगापर्यंत, इंजिन कमाल ताकदीच्या आरपीएमवरच टिकून राहील.

हात लावण्याआधी

इंजिन थंड हवे, किल्ली काढलेली हवी, टेदर दोरी (चालक पडला तर इंजिन बंद करणारी) सुटी हवी. डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर मास्क घ्या, कारण बेल्टची काळी धूळ फुप्फुसात जायला नको. बेल्टवरचे गार्ड काढलेले असताना इंजिन सुरू करायचे नाही. फिरत्या क्लचमधून तुटलेला बेल्ट किंवा सुटलेला तुकडा बंदुकीच्या गोळीसारखा येतो. बेल्ट काढलेला असताना तर इंजिन चालवायचेच नाही. भार नसल्यामुळे फेरे क्षणात हाताबाहेर जातात आणि प्रायमरी फुटू शकते.

हत्यारे थोडी लागतात, पण योग्य लागतात: तुमच्याच मॉडेलच्या प्रायमरीचा पुलर (क्लच शाफ्टवरून ओढून काढणारा आटेदार बोल्ट), प्रायमरी धरून ठेवायचे हत्यार, टॉर्क रेंच, स्प्रिंग दाबायचे साधन, अलाइनमेंटची पट्टी आणि ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा. पुलरवर पैसे वाचवू नका. क्रँकशाफ्टच्या टोकातले आटे एकदा खराब झाले की दुरुस्ती पुलरच्या कितीतरी पट महाग पडते.

प्रायमरी उतरवणे

१. गार्ड काढा, मग बेल्ट काढा. बऱ्याच सेकंडरींमध्ये चकत्या फाकवण्यासाठी एक आटेदार पिन किंवा बोल्ट आत फिरवावा लागतो. काम झाल्यावर तो परत काढायचा हे आत्ताच डोक्यात पक्के करा. तो तसाच राहिला तर सेकंडरी उघडीच राहते आणि बेल्ट सैल लोंबतो.

२. प्रायमरी धरून ठेवण्याच्या हत्याराने तिला घट्ट धरा आणि मधला बोल्ट सैल करा. पंख्यासारख्या पात्यांमध्ये स्क्रू ड्रायव्हर खुपसून अडवू नका, पाती तुटतात. इम्पॅक्ट रेंच बोल्ट सोडवण्यासाठी वापरला तर चालेल, घट्ट करण्यासाठी कधीच नाही. बोल्टसोबतचे वॉशर कोणत्या क्रमाने आणि कोणत्या तोंडाने आले त्याचा फोटो काढून ठेवा.

३. पुलरच्या आट्यांना आणि टोकाला ग्रीस लावून तो हाताने पूर्ण आत फिरवा, मग पान्याने आवळा. आवळून झाल्यावर पुलरच्या डोक्यावर हातोडीचा एक नेमका ठोका द्या, पुन्हा थोडे आवळा, पुन्हा ठोका. क्लच बहुतेक वेळा ठक्कन आवाज करून सुटतो, म्हणून खाली हात किंवा जाड कापड धरा. तो जड असतो.

४. हटवादी क्लचसाठी एक जुनी युक्ती आहे. पुलर काढून मधल्या पोकळीत पाणी किंवा ग्रीस भरा, पुलरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळा आणि तो पुन्हा आवळा. आतला द्रव दबत नाही, त्यामुळे पूर्ण दाब निमुळत्या सांध्यावर येतो. चकतीच्या कडेला तीन पायांचा पुलर किंवा पहार लावण्याचा मोह मात्र आवरा. चकती वाकली किंवा तडकली तर ती डोळ्यांना दिसेलच असे नाही, पण ८००० फेऱ्यांवर ती नक्की दिसते.

सेकंडरी उतरवणे त्यामानाने सोपे आहे. एक बोल्ट काढला की ती जॅकशाफ्टवरून सरकून बाहेर येते. मागे असलेले पातळ वॉशर मोजा आणि त्यांची जागा लिहून ठेवा, कारण दोन्ही क्लच एका रेषेत आणण्याचे काम त्यांच्यावरच असते.

सफाई आणि तपासणी

हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण माझ्या मते निम्म्याहून अधिक तक्रारी इथेच मिटतात. हवेच्या झोताने धूळ उडवा. चकत्यांची तोंडे बारीक स्कॉच-ब्राइटने घासून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. चकत्यांवर, फ्लायवेटवर, रोलरवर तेल किंवा ग्रीस लावू नका. हा क्लच कोरडाच चालायचा असतो. तेलावर धूळ बसून त्याची पेस्ट होते आणि ती पॉलिश पेपरसारखी भाग झिजवते.

प्रायमरीचे कव्हर उघडण्याआधी कव्हर आणि चकतीवरच्या जुळवणीच्या खुणा शोधा. खुणा नसतील तर मार्करने करा. संपूर्ण क्लच एकत्र संतुलित केलेला असतो. कव्हर एक भोक पुढे बसले तरी इंजिनाला थरथर सुटते आणि क्रँकच्या बेअरिंगवर त्याचा परिणाम होतो. कव्हराखाली स्प्रिंग मोठ्या दाबाने बसलेली असते, म्हणून स्प्रिंग दाबणारे साधन वापरा आणि बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे सोडा.

आता प्रत्येक भाग हातात घेऊन बघा. रोलर गोल फिरतो का, की त्याला एका बाजूने सपाट डाग पडला आहे? फ्लायवेटच्या कमानीवर चर पडला आहे का? तिच्या पिनमध्ये खेळ आहे का? कव्हरमधला बुश शाफ्टवर हलतो का? सेकंडरीची बटणे झिजून पातळ झाली आहेत का? चकतीच्या तोंडावर नखाला लागेल असा खड्डा आहे का? स्प्रिंगची मोकळी लांबी नव्या स्प्रिंगशी ताडून बघा, कारण वापराने स्प्रिंग बसते. बेल्टची रुंदी कॅलिपरने मोजा. नव्या बेल्टपेक्षा ती साधारण दीड मिलिमीटरने कमी झाली असेल, कडा चकाकत असतील किंवा दोरे निघाले असतील तर तो बेल्ट ट्यूनिंगच्या कामाचा नाही.

प्रायमरीच्या आतला स्पायडर, म्हणजे बाहेर पाय फुटलेला मधला धातूचा भाग, नवख्याने उघडू नये असे मला ठामपणे वाटते. तो प्रचंड टॉर्कने बसवलेला असतो आणि त्याच्यामागचे वॉशर बेल्टचे अंतर ठरवतात. तिथे झीज असेल तर क्लच जाणत्या कारागिराकडे द्या.

दुसरा क्लच बसवायचा असेल तर

जुना क्लच झिजला म्हणून तोच नवा आणणे सोपे आहे. दुसऱ्या मॉडेलचा किंवा दुसऱ्या कंपनीचा लावायचा असेल, तर विकत घेण्याआधीच चार गोष्टी ताडा: क्रँकच्या टोकाचा निमुळतेपणा आणि व्यास, मधल्या बोल्टची लांबी आणि आटे, बेल्टची रुंदी आणि उताराचा कोन, आणि दोन्ही क्लचच्या मध्यांमधले अंतर. पोलारिस, स्की-डू, आर्क्टिक कॅट, यामाहा या कंपन्यांच्या क्लचमध्ये यांतले बरेच काही वेगळे असते, आणि एकाच कंपनीच्या जुन्या-नव्या यंत्रांतही फरक पडतो. निमुळता सांधा जवळपास जुळतो म्हणून लावलेला क्लच काही दिवसांत क्रँकवर घसरून तिथला धातू कायमचा ओरखडतो. "जवळपास" या शब्दाला इथे जागा नाही.

बसवताना क्रँकचे निमुळते टोक आणि क्लचचे भोक ब्रेक क्लीनरने, धागे न सोडणाऱ्या कापडाने, पूर्ण कोरडे होईपर्यंत पुसा. अनेकजण तिथे गंजू नये म्हणून अँटी-सीझ नावाचे वंगण लावतात. ते चूक आहे. इंजिनाची सगळी ताकद या सांध्याच्या घर्षणातूनच पलीकडे जाते. मधला बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला, टप्प्याटप्प्याने आवळा. थोडा वेळ चालवून, यंत्र थंड झाल्यावर टॉर्क पुन्हा तपासा.

त्यानंतर अलाइनमेंट. तुमच्या मॉडेलची पट्टी दोन्ही क्लचच्या चकत्यांमध्ये ठेवून क्लच एका पातळीत आणि समांतर आहेत का ते बघा. सेकंडरीमागचे वॉशर कमी-जास्त करून फरक काढता येतो. इंजिनाचे रबरी माउंट ढिले पडले असतील तर बेंचवर अचूक बसवलेली रेषासुद्धा भाराखाली वाकडी होते, म्हणून तेही तपासा. एकामागून एक बेल्ट तुटत असतील तर स्प्रिंग-वजनांकडे जाण्याआधी इथे पुन्हा या.

बेल्टचा ताण

बऱ्याच आधुनिक यंत्रांत खूण सोपी आहे. सेकंडरीत बेल्टची बाहेरची बाजू चकतीच्या कडेला समपातळीत किंवा एक-दीड मिलिमीटर वर दिसली पाहिजे. जुन्या यंत्रांत बेल्टवर मधोमध दाब देऊन तो किती खाली जातो ते मोजतात. हा झोल बहुतेकदा ३० ते ३५ मिलिमीटरच्या आसपास असतो. बेल्ट फार घट्ट असेल तर आयडलिंगलाच यंत्र पुढे सरकू लागते किंवा बेल्ट कुईकुई आवाज करतो. फार सैल असेल तर निघताना धक्का बसतो आणि पहिली ओढ मेंगळी वाटते, कारण सर्वात खालचे गुणोत्तर मिळतच नाही.

नवा बेल्ट कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवून घाला, म्हणजे साच्यातून आलेला चिकट थर निघून जातो. पहिले ५० किलोमीटर थ्रॉटल कमी-जास्त करत चालवा, सलग पूर्ण दाबू नका. बाण असेल तर त्याच दिशेने लावा. बाण नसेल तर यंत्राच्या डाव्या बाजूने अक्षरे सरळ वाचता येतील असा लावा.

ट्यूनिंग: एका वेळी एकच बदल

सपाट, दाबलेल्या बर्फाचा मोकळा आणि सुरक्षित सरळ पट्टा शोधा. यंत्र दहा मिनिटे चालवून गरम करा. मग पूर्ण थ्रॉटल देऊन दोन-तीन सेकंदांनी काटा कुठे स्थिरावतो ते बघा. असे तीनदा करा. वहीत आरपीएम, तापमान, उंची आणि बर्फाचा प्रकार लिहा. डोंगरातल्या खोल बर्फासाठी यंत्र वापरणार असाल तर मोजमापही तिथेच घ्या. घट्ट वाटेवर बरोबर आलेला आकडा खोल बर्फात खाली येतो.

पहिली कळ फ्लायवेट. वजन वाढवले की आरपीएम उतरतो, कमी केले की चढतो. प्रत्येक फ्लायवेटमागे १ ग्रॅमने साधारण ५० ते १०० आरपीएमचा फरक पडतो. समजा, हवा आहे ८००० आणि मिळतो ७६५०. तुटवडा ३५० चा आहे, तर सगळ्या फ्लायवेटमधून प्रत्येकी ४ ग्रॅम काढून पुन्हा मोजा. क्लचमधली सगळी वजने एकमेकांशी ०.१ ग्रॅमपर्यंत जुळली पाहिजेत. स्क्रूने वजन वाढवता येणाऱ्या फ्लायवेटमध्ये पिनजवळचे वजन सुरुवातीच्या ओढीवर आणि टोकाकडचे वजन वरच्या वेगावर जास्त परिणाम करते. स्की-डूच्या टीआरए क्लचवर बाहेरूनच फिरवता येणारे १ ते ६ अंकांचे क्लिकर असतात. अंक वाढवला की आरपीएम वाढतो, एका अंकाला साधारण २०० ने. सगळे क्लिकर एकाच अंकावर ठेवायचे.

काटा लक्ष्याच्या वर गेला तर खूश होऊ नका. जास्त फेरे म्हणजे जास्त ताकद नव्हे. कमाल बिंदू ओलांडल्यावर ताकद घटते आणि कमी आवळलेला बेल्ट घसरून तापतो.

दुसरी कळ प्रायमरीची प्रेशर स्प्रिंग. तिच्यावर १२०/३०० असे दोन आकडे असतात, म्हणजे क्लच उघडा असताना किती पौंड आणि पूर्ण दबल्यावर किती पौंड. पहिला आकडा क्लच कोणत्या आरपीएमला पकडेल ते ठरवतो. यंत्र निघताना इंजिन गुदमरत असेल तर तो वाढवा, धक्का देऊन ट्रॅक जागीच फिरत असेल तर कमी करा. वाटेवर चालवायच्या यंत्राला ३५०० च्या आसपासची पकड सुखाची वाटते. दुसरा आकडा वरच्या वेगातला आरपीएम धरून ठेवतो.

तिसरी कळ हेलिक्स. मोठा कोन, अपशिफ्ट जलद, आरपीएम खाली. छोटा कोन, अपशिफ्ट सावकाश, आरपीएम वर आणि बॅकशिफ्ट चपळ. ४४/३६ सारखे दोन आकडे म्हणजे सुरुवातीचा आणि शेवटचा कोन. सुरुवातीला आरपीएम बरोबर आणि वेग वाढल्यावर तो ढासळत असेल, तर शेवटचा कोन कमी करून बघा किंवा प्रायमरी स्प्रिंगचा दुसरा आकडा वाढवा.

चौथी सेकंडरीची स्प्रिंग. वळणातून बाहेर पडून थ्रॉटल दाबल्यावर इंजिन क्षणभर आळसावते का? मग स्प्रिंग थोडी कडक करा. पीळ देणारी स्प्रिंग असेल तर तिचे टोक पुढच्या भोकात टाकूनही हे साधते. फार कडक केली तर टोकाचा वेग जातो आणि सेकंडरी तापते. नवख्याने पहिल्या हंगामात फक्त फ्लायवेट आणि प्रायमरी स्प्रिंगशीच खेळावे हे माझे मत आहे. चार कळा एकदम फिरवल्या तर कोणत्या बदलाचा परिणाम कोणता हे कळतच नाही.

वजने काढूनही आरपीएम वर येत नसेल, तर मात्र इंजिन खरेच कमी ताकद देते आहे का ते बघा. हवेची वाट तुंबली असेल, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह चिकटले असतील, तर क्लच त्याची भरपाई करू शकत नाही.

उंचीचे गणित

साध्या इंजिनाची ताकद दर ३०० मीटर चढाईला साधारण ३ टक्क्यांनी घटते. २७०० मीटरवर गेलात तर जवळपास चौथा हिस्सा गेलेला असतो. कमी ताकदीच्या इंजिनाला तेच फ्लायवेट जड होतात, म्हणून उंचीवर वजने हलकी करावी लागतात. कारखान्यातून टर्बो लावून येणाऱ्या यंत्रांत उंचीवर ताकद बरीच टिकते, त्यामुळे त्यांच्या वजनांत बदल कमी करावा लागतो. उंचीवरून खाली परतताना हलकी वजने तशीच ठेवू नका, फेरे मर्यादेबाहेर जातील.

उष्णता आणि मार्करची रेघ

धाव संपल्यावर लगेच थांबा, इंजिन बंद करा, किल्ली काढा आणि मगच गार्ड उघडून दोन्ही क्लच तपासा. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर बेल्टचे तापमान ८० अंश सेल्सियसच्या आत हवे. प्रायमरी जास्त तापली असेल तर बेल्ट तिथे घसरतो आहे. सेकंडरी जास्त तापली असेल तर तिची स्प्रिंग किंवा हेलिक्स जुळलेले नाही, किंवा अलाइनमेंट चुकले आहे.

सुरुवात करण्याआधी प्रायमरीच्या चकतीवर मध्यापासून कडेपर्यंत मार्करची एक रेघ ओढा. पूर्ण वेगाच्या धावेनंतर ती कुठपर्यंत पुसली गेली ते बघा. वरचा मोठा भाग शाबूत असेल तर क्लच शेवटपर्यंत चढलेलाच नाही, आणि टोकाचा वेग का मिळत नाही याचे उत्तर तिथेच आहे.

संच जुळला की फ्लायवेटचे ग्रॅम, स्प्रिंगचे आकडे, हेलिक्सचा कोन, उंची आणि तापमान एका कागदावर लिहून हुडच्या आत चिकटवा. काढलेली वजने डबीत ठेवा आणि डबीवर ती कोणत्या उंचीसाठी आहेत ते लिहा. सोबतचा सुटा बेल्ट नवा कोरा नको, ५० किलोमीटर चालवून बसलेला ठेवा, म्हणजे वाटेत बदलावा लागला तरी सावकाश चालवण्याची गरज पडणार नाही.